पाचव्या नंबरावर डोळा ठेवा: ब्राझील २००८ पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

फॉर्म्युला वन नव्याने बघायला लागलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच, "ब्राझील २००८ बघितलीस का? नाही? मग काय बघितलंस!" तो बिचारा यूट्यूबवर पाच-सहा मिनिटांची क्लिप बघतो. पाऊस, आरडाओरडा, शेवटच्या वळणावर काहीतरी होतं, लाल कपड्यांतली माणसं आधी नाचतात आणि मग गप्प होतात. "भारी आहे," म्हणून तो पुढच्या क्लिपकडे वळतो. त्याने निकाल बघितला, शर्यत बघितलीच नाही.

ही शर्यत अख्खी बघायची चीज आहे. पण तयारी न करता बसलात तर पहिल्या वीस फेऱ्यांनंतर मोबाइल हातात येईल, कारण सर्वांत पुढची गाडी जवळजवळ पूर्णवेळ एकटीच पळत असते. मजा मागे, चौथ्या-पाचव्या-सहाव्या नंबराच्या आसपास चाललेली असते. ती दिसायची असेल तर आधी थोडं गणित आणि थोडा भूगोल माहीत हवा. इथे तेवढंच सांगतो.

एक सूचना. शेवट ठाऊक नसेल आणि नको असेल, तर वाटेत "इथे थांबा" असं लिहिलंय तिथे खरंच थांबा. शर्यत बघून या, मग पुढचं वाचा.

पायरी १: पूर्ण शर्यत मिळवा, दोन तास मोकळे ठेवा

तारीख २ नोव्हेंबर २००८. जागा साओ पावलोमधला इंटरलागोस ट्रॅक. मोसमातली अठरावी आणि शेवटची शर्यत, ७१ फेऱ्यांची. तिथे दुपार होती, आपल्याकडे रविवारी रात्रीचे साडेदहा. म्हणजे निकाल लागला तेव्हा इथे सोमवार उजाडला होता, आणि ज्यांनी जागून बघितली त्यांचं ऑफिसात काय झालं असेल ते असेल.

फॉर्म्युला वनच्या अधिकृत संग्रहात जुन्या शर्यती पूर्ण बघायला मिळतात. शर्यत चालली सुमारे ९४ मिनिटं. त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर तीही बघा, ती का ते पुढे कळेलच. पार्श्वसंगीत टाकून कापलेली 'हायलाइट्स' नकोत. त्यांत शेवटच्या दोन मिनिटांना चढवण्यासाठी आधीचे दीड तास फेकून दिलेले असतात, आणि नेमक्या त्या दीड तासावरच ती दोन मिनिटं उभी असतात.

चित्राबद्दलही आधीच सांगून ठेवतो. हल्ली पडद्याच्या डाव्या बाजूला सगळ्यांच्या क्रमांकांचा रकाना कायम उभा असतो. तेव्हा तसं नव्हतं. खाली एक पट्टी अधूनमधून यायची आणि जायची. त्यामुळे कागद-पेन घेऊन बसा.

पायरी २: कागदावर गणित मांडा

ही पायरी टाळू नका. सगळ्या शर्यतीची किल्ली इथे आहे.

२००८ मध्ये गुण फक्त पहिल्या आठांना मिळायचे: १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. इंटरलागोसला येताना मॅक्लारेनच्या लुइस हॅमिल्टनकडे ९४ गुण होते, फेरारीच्या फेलिपे मासाकडे ८७. विजेतेपदासाठी शर्यतीत हे दोघेच उरले होते. कागदावर एवढं लिहा:

मासा पहिला आला तर त्याचे ९७. हॅमिल्टनला पाचवा नंबर हवा, म्हणजे ९८. सहावा आला तर दोघेही ९७ वर, आणि बरोबरी झाली की मोसमात कुणी जास्त शर्यती जिंकल्या ते बघतात. तिथे मासा सहा, हॅमिल्टन पाच. विजेता मासा.

मासा दुसरा आला तर त्याचे ९५. हॅमिल्टनला सातवा नंबर हवा. आठव्या नंबरावर गुण बरोबरीत, विजयही पाच-पाच, आणि मग मोजायचे दुसरे क्रमांक. त्यात मासा तीन-दोनने पुढे.

मासा तिसरा किंवा त्याच्याही मागे आला तर प्रश्नच मिटला, हॅमिल्टन घरी बसला तरी विजेता.

आयपीएलच्या शेवटच्या साखळी सामन्यात कोण कितीने जिंकलं म्हणजे कुणाचा रनरेट पुढे जातो, हे ज्यांना तोंडपाठ असतं त्यांना हे गणित सोपंच वाटेल. मुद्दा असा, की दोघांच्या शर्यती वेगवेगळ्या आहेत. मासाला जिंकायचंय. हॅमिल्टनला जिंकायचं नाहीच, त्याला पाचवं यायचंय. चॅम्पियन व्हायला निघालेला माणूस पाचव्या नंबरासाठी गाडी चालवतोय, ही गोष्ट ऐकायला सोपी आणि करायला फार वाईट. कारण मग मेंदू सतत "धोका नको" म्हणत राहतो आणि मागचे मोकळेपणाने अंगावर येतात.

वर आदल्या वर्षाचं ओझं. २००७ ला याच ट्रॅकवर, मोसमाच्या याच शेवटच्या शर्यतीत हॅमिल्टन फेरारीच्या किमी रायकोनेनच्या सात गुणांनी पुढे होता. सातच, यंदा मासाच्या पुढे होता तसा. तेव्हा गिअरबॉक्सने दगा दिला, तो सातवा आला आणि रायकोनेनने एका गुणाने विजेतेपद नेलं. आकडा तोच, जागा तीच. मॅक्लारेनच्या गॅरेजमधल्या माणसांचे चेहरे बघताना हे लक्षात ठेवा.

पायरी ३: ते सात गुण कुठून आले, हे थोडं जाणून घ्या

याला पाच मिनिटं पुरतील, पण ती सार्थकी लागतील. नाहीतर "शेवटच्या वळणावर ठरलं" या वाक्यावर तुमचा विश्वास बसेल.

हंगेरीत मासा आघाडीवर होता, तीन फेऱ्या उरल्या होत्या आणि इंजिनाने धूर सोडला. हातातले दहा गुण गेले. बेल्जियममध्ये स्पा इथे उलटं झालं: हॅमिल्टन पहिला आला, पण शिकेन (वेग आवरायला ठेवलेलं नागमोडी वळण) कापून फायदा घेतला म्हणून त्याच्या वेळेत २५ सेकंद वाढवले गेले आणि विजय मासाला मिळाला. सिल्व्हरस्टोनच्या पावसात हॅमिल्टन तासाभराच्या अंतराने जिंकल्यासारखा जिंकला आणि मासा पुन्हा पुन्हा गरगरत तेरावा आला. कॅनडात हॅमिल्टन पिट लेनच्या (टायर-इंधनासाठी गाड्या थांबतात त्या गल्लीच्या) तोंडाशी, लाल दिव्याला थांबलेल्या रायकोनेनच्या गाडीवर मागून जाऊन आदळला. चीनमध्ये संघातल्याच रायकोनेनने मासाला पुढे सोडलं, त्याच्या सहा गुणांचे आठ झाले.

आणि सिंगापूर. फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत. मासा पोलवरून, म्हणजे रांगेतल्या पहिल्या जागेवरून निघून आघाडीवर होता. रेनोचा नेल्सन पिके ज्युनियर भिंतीवर आदळला, सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी) आली, सगळे पिटमध्ये धावले. फेरारीच्या पिटमध्ये हिरवा दिवा लवकर लागला आणि मासा इंधनाचा पाइप गाडीला लटकलेला असतानाच निघाला. तो पिट लेनच्या शेवटी थांबला आणि मेकॅनिक धापा टाकत त्याच्यामागे पळाले. मासा तेरावा, गुण शून्य. वर्षभराने उघड झालं की पिकेने गाडी मुद्दाम आदळली होती, संघातल्या अलोन्सोला फायदा व्हावा म्हणून. हे प्रकरण अजून शमलेलं नाही. २०२४ मध्ये मासाने लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला.

माझं मत विचाराल तर मासाचं विजेतेपद हंगेरी आणि सिंगापूरला गेलं. ब्राझीलमध्ये त्याने काहीही चुकवलं नाही. पण मग तसं हॅमिल्टनचं विजेतेपद स्पाला आणि कॅनडालाही जाऊ शकलं असतं. असले हिशेब ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे जमतात.

पायरी ४: तेव्हाचे नियम

आज बघणाऱ्याला गोंधळात टाकणाऱ्या गोष्टी तीनच.

पिटमध्ये इंधन भरायचे. त्यामुळे एखादी गाडी अचानक वेगवान दिसली तर ती हलकी असू शकते, आणि थोड्याच फेऱ्यांत तिला पिटमध्ये यावं लागणार. या शर्यतीत सेबॅस्टियन व्हेटेलच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. इंधन भरणं २०१० पासून बंद झालं.

कोरड्या ट्रॅकच्या टायरना चार खोबणी असायच्या. त्या पाणी काढायला नव्हत्या, पकड कमी करून वेग आवरायला होत्या. ट्रॅक ओला झाला की त्या टायरवर गाडी साबणावर उभी असल्यासारखी. पावसाळी टायरची नक्षी वेगळी, खोल. पडद्यावर फरक ओळखायचा तर गाडी जवळून जाताना टायरकडे बघा: चार सरळ रेघा म्हणजे कोरडा, ठोकळे-ठोकळे म्हणजे पावसाळी.

मागचा पंख उघडून पुढे जायची सोय, म्हणजे डीआरएस, तेव्हा नव्हती. त्यामुळे सारख्याच वेगाच्या गाडीला मागे टाकणं अवघड. कुणी कुणाला गाठलं तरी कित्येक फेऱ्या मागेच अडकून राहतो.

पायरी ५: ट्रॅक डोक्यात बसवा

इंटरलागोस ४.३०९ किलोमीटरचा, आणि घड्याळाच्या उलट दिशेने पळायचा. बहुतेक ट्रॅक सुलट असतात, त्यामुळे इथे ड्रायव्हरची मान वेगळ्या बाजूला दुखते.

सुरुवातीच्या सरळ रस्त्यावरून गाड्या येतात आणि डावीकडे उतारावर कोसळतात. हे 'सेना एस', आयर्टन सेनाच्या नावाचं. सेना साओ पावलोचाच. तिथून लांब डावं वळण घेत मागच्या सरळ रस्त्यावर. मग ट्रॅक आत शिरतो, चढ-उताराच्या नागमोडी भागात, जिथे वेग कमी आणि कसब जास्त. शेवटी एक डावं वळण येतं, जुन्साओ. त्यानंतर चढावर पाय दाबून धरायचा तो थेट रेषा ओलांडेपर्यंत.

जुन्साओ हे नाव कागदावर लिहून खाली रेघ मारा. ते अवघड जागी आहे: उताराने खाली यायचं, हळू व्हायचं, वळायचं आणि लगेच चढ चढायचा. पकड नसेल तर चाकं नुसती फिरतात आणि पुढचा सगळा चढ हातचा जातो. त्यानंतर ब्रेक लावावा असं एकही वळण नाही. म्हणजे शेवटच्या फेरीत कुणाला गाठायचं असेल तर जुन्साओ ही शेवटची खरी जागा.

पायरी ६: माणसं ओळखा

वीस गाड्या लक्षात ठेवायची गरज नाही. आठ पुरेत.

फेरारी लाल, २ नंबर मासा. घरचा मुलगा, जन्म साओ पावलोचा, आणि प्रेक्षकांचा आवाज त्याच्यासाठी. १ नंबरची लाल गाडी रायकोनेनची. मॅक्लारेन चंदेरी, २२ नंबर हॅमिल्टन, पिवळं हेल्मेट. वय २३, कारकिर्दीचं दुसरंच वर्ष. रेनोत ५ नंबर फर्नांडो अलोन्सो, ज्याने आदल्या वर्षी हॅमिल्टनबरोबर एकाच संघात वर्षभर कटकटी काढल्या होत्या आणि यंदा मासा जिंकला तर आनंद होईल असं न लपवता सांगितलं होतं.

टोरो रोसो गडद निळी, १५ नंबर व्हेटेल. वय २१, दीड महिन्यापूर्वी मोंझाच्या पावसात त्याने पहिला विजय मिळवला होता. टोरो रोसोच्या मागे इंजिन फेरारीचं होतं, हेही जाता जाता ध्यानात असू द्या.

बीएमडब्ल्यू पांढरी-निळी, ४ नंबर रॉबर्ट कुबित्सा. आणि टोयोटा पांढरी-लाल: ११ यार्नो त्रुली, १२ टिमो ग्लॉक. ही बारा नंबरची गाडी पहिली साठ फेऱ्या तुम्हाला जवळजवळ दिसणारच नाही. हरकत नाही.

नववी एक आपल्यासाठी: २१ नंबरची फोर्स इंडिया. विजय मल्ल्यांच्या संघाचं ते पहिलंच वर्ष, वर्षभरात एकही गुण नाही. पण या शर्यतीत जियानकार्लो फिसिकेलाने काही फेऱ्या अशी मजा आणली की ती चुकवू नये.

इथे थांबा. शेवट ठाऊक नसलेल्यांनी आता शर्यत बघून यावी. कागद जवळ ठेवा, दर दहा फेऱ्यांनी हॅमिल्टनचा नंबर लिहा. खालचं नंतर वाचा, किंवा शेवट ठाऊकच असेल तर वाचत वाचत बघा.

पायरी ७: बघताना कुठे बघायचं

*सुरुवात ते अकरावी फेरी.* गाड्या रांगेत उभ्या असतानाच सर आली. सगळी घाई, सुरुवात दहा मिनिटं पुढे ढकलली, जवळजवळ सगळ्यांनी पावसाळी टायर चढवले. क्रम असा: मासा, त्रुली, रायकोनेन, हॅमिल्टन. पहिल्याच फेरीत डेव्हिड कुल्टहार्ड बाहेर गेला. त्याची ही कारकिर्दीतली शेवटची शर्यत, दोन वळणांत आटोपली. सेफ्टी कार आली.

ऊन पडून ट्रॅक झपाट्याने वाळू लागला. इथे प्रश्न एकच: कोरडे टायर कधी घ्यायचे? फिसिकेलाने सर्वांत आधी घेतले. त्याच्याकडे गमवायला काहीच नव्हतं. पुढच्यांनी धीर धरला, नवव्या-दहाव्या फेरीच्या आसपास आले, आणि ते बाहेर पडले तेव्हा शून्य गुणांची फोर्स इंडिया हॅमिल्टनच्या पुढे! फिसिकेलाच्या मागे अडकलेला हॅमिल्टन नीट बघा. एरवी त्याने एका फेरीत त्याला गिळलं असतं. इथे तो थांबतो, डोकावतो, मागे सरतो. अडकलेला असतानाचा त्याचा नंबर कागदावर लिहा. पाचाच्या खाली आहे. म्हणजे त्या घडीला चॅम्पियन मासा.

*बारावी ते बासष्टावी.* हा भाग संथ आहे, खोटं कशाला बोलू. चहा करायचा तर इथे करून घ्या. दोनच गोष्टी सोडू नका. व्हेटेल हलक्या गाडीने पुढच्यांना कसा चिकटतो आणि इतरांपेक्षा एकदा जास्त पिटमध्ये जाऊनही हॅमिल्टनच्या मागेच कसा येऊन उभा राहतो. आणि मासा: दर फेरी जणू आधीच्या फेरीवर गिरवलेली. त्याच्यावर कॅमेरा फार थांबत नाही, कारण दाखवायला चूकच नाही. साठाव्या फेरीला क्रम मासा, अलोन्सो, रायकोनेन, हॅमिल्टन, व्हेटेल. हॅमिल्टन चौथा, एक नंबर जास्तीचा हातात.

*त्रेसष्टावी ते शेवट.* आता उठायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे.

पुन्हा थेंब पडू लागतात. ६५ ते ६७ या फेऱ्यांत पुढचे सगळे पावसाळी टायरसाठी पिटमध्ये येतात. टोयोटाचे दोघे येत नाहीत. पाच-सहा फेऱ्या उरल्यात, पाऊस हलका आहे, पिटमध्ये जाण्यात वेळ जातो. न थांबता रेटलं तर फुकटात वर जाता येईल असा त्यांचा हिशेब. हिशेब वेडा नव्हता. सातवा असलेला ग्लॉक सरळ चौथा झाला. त्यामुळे हॅमिल्टन पाचवा, व्हेटेल सहावा. जास्तीचा नंबर गेला.

एकोणसत्तराव्या फेरीत कुबित्सा येतो. तो एक फेरी मागे आहे, विजेतेपदाशी त्याचा काही संबंध नाही, पण त्याची गाडी त्या ओल्यात वेगवान आहे आणि आपली गेलेली फेरी परत मिळवायचा त्याला हक्क आहे. तो हॅमिल्टनला ओलांडतो. हॅमिल्टन किंचित बाहेर सरकतो आणि तेवढ्या फटीतून व्हेटेल आत घुसतो. हा क्षण दोनदा बघा. सगळे शेवटच्या वळणाबद्दल बोलतात, पण अख्ख्या शर्यतीतली हॅमिल्टनची सर्वांत महागडी घडी ही आहे. सहावा. कागदावर बघा: ९७-९७, मासा.

शेवटची फेरी. हॅमिल्टनला व्हेटेल गाठता येत नाही, हे दिसतंच आहे. आणि इथे बहुतेक जण चूक नजरेने बघतात: त्यांचे डोळे व्हेटेलच्या मागच्या पंखावर खिळलेले असतात. तुम्ही ग्लॉक शोधा. ही फेरी सुरू होताना तो या दोघांच्या साधारण तेरा सेकंद पुढे होता. कोरड्या टायरवर. पाऊस वाढलेला.

मासा रेषा ओलांडतो, तेरा सेकंदांहून जास्त अंतराने जिंकतो. गॅरेजमध्ये त्याचे घरचे उड्या मारतायत. त्याच वेळी मागे जुन्साओच्या उतारावर एक पांढरी-लाल गाडी रांगतेय. व्हेटेल तिच्या बाजूने जातो, त्याच्यामागून हॅमिल्टनही. चित्रात ते इतकं सहज घडतं की ती गाडी मागे पडलेली कुणीतरी असावी असं वाटतं. थेट बोलणाऱ्या समालोचकांनाही ती कुणाची हे कळायला क्षण लागले. हॅमिल्टन पाचवा. मासानंतर सुमारे ३९ सेकंदांनी त्याने रेषा ओलांडली. तेवढा वेळ फेरारीच्या गॅरेजमध्ये मासा जगज्जेता होता. मग कुणीतरी येऊन सांगतो, आणि एक जण भिंतीवर डोकं आपटतो. हॅमिल्टनलाही रेडिओवर विचारून खात्री करून घ्यावी लागली.

९८-९७. हॅमिल्टन तोवरचा सर्वांत तरुण विजेता. तो मान दोन वर्षांनी गेला तो, त्याच संध्याकाळी त्याच्या पुढे रेषा ओलांडणाऱ्या व्हेटेलकडेच.

पायरी ८: ग्लॉकचा खटला स्वतः तपासा

शर्यत संपल्यावर काही वेळातच ग्लॉकवर आरोप सुरू झाले: मुद्दाम सोडलं, पैसे घेतले. त्याला शिव्यांची पत्रं गेली. अजूनही कमेंटमध्ये कुणीतरी उगवतोच. दुसऱ्याचं ऐकू नका, दोन आकडे बघा.

पहिला, ग्लॉकच्या शेवटच्या तीन फेऱ्या: १ मिनिट १८ सेकंदांच्या आसपास, मग १ मिनिट २८, मग १ मिनिट ४४. पाऊस वाढला तसा वेळ वाढला. एकाच वळणावर अचानक घडलेलं हे नाही, दोन फेऱ्यांपासून गाडी हाताबाहेर चालली होती.

दुसरा आकडा मला जास्त पटतो. त्याच टोयोटाच्या दुसऱ्या गाडीत त्रुली होता, त्याच कोरड्या टायरवर, हॅमिल्टनच्या भानगडीपासून लांब आठव्या नंबरावर. त्याचीही शेवटची फेरी १ मिनिट ४४ च्याच घरातली. ज्याला विकत घ्यायचं काही कारण नव्हतं तोही तेवढाच हळू.

शिवाय ग्लॉक पावसाळी टायर घेऊन बाकीच्यांबरोबर आला असता तर तो हॅमिल्टनच्या मागे सातवाच राहिला असता. न थांबण्याचा जुगार खेळून तो शेवटी सहावा आला, म्हणजे टोयोटाचा एक गुण वाढलाच. ग्लॉकच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं शेवटच्या फेरीचं चित्रण उपलब्ध आहे. ते बघताना स्टिअरिंगवरचे हात बघा, वेग बघायची गरज पडणार नाही.

मग पोडियम बघा, तिथे बंद करू नका. मासा छातीवर हात मारत प्रेक्षकांसमोर उभा आहे, डोळे भरलेले, आणि रडगाणं एकही नाही. हरलेल्या माणसाने कसं उभं राहावं याचा हा नमुना मला त्या शेवटच्या वळणापेक्षा मोठा वाटतो. आणि हो, संघांचं विजेतेपद त्या दिवशी फेरारीनेच नेलं, १७२ विरुद्ध १५१ गुणांनी. ते कुणाच्या लक्षातही नसतं.

पायरी ९: पुढे काय बघावं

कागदावरच्या गणिताची चटक लागली असेल तर २००७ ची ब्राझील घ्या. ट्रॅक तोच असल्याने भूगोल पुन्हा शिकायला नको, आणि दावेदार दोन नाहीत, तीन. अंतिम गुण ११०, १०९, १०९. मग २०१२ ची ब्राझील, पुन्हा इंटरलागोस, पुन्हा पाऊस. पहिल्याच फेरीत व्हेटेलची गाडी उलटी फिरून सगळ्यांच्या मागे पडते आणि अलोन्सोला वाटतं आता जमलं. इथे हिशेब मांडताना जपून: २०१० पासून गुणांची पद्धत बदलली, पहिल्याला २५.

पाऊस नको असेल तर २०१० ची अबूधाबी. चार दावेदार, आणि अलोन्सो अख्खी दुपार रेनोच्या व्हिताली पेत्रोव्हच्या मागे अडकून बसतो. ओव्हरटेकिंगच्या दृष्टीने रटाळ शर्यत, पण कागद समोर ठेवून बघितली तर घाम फुटतो. १९८६ ची ॲडलेड त्यानंतर घ्या: मॅन्सेलला तिसरा नंबर पुरेसा होता, सरळ रस्त्यावर त्याचा मागचा टायर फाटला आणि विजेतेपद प्रॉस्टकडे गेलं. १९७६ ची फुजी सर्वांत शेवटी ठेवा. तिचं चित्रण जुनं, तुटक आहे, आणि जळून मरता मरता वाचलेल्या लाउडाने पावसात दोन फेऱ्यांनंतर गाडी का उभी केली हे कळायला त्या मोसमातली न्यूर्बर्गरिंगची शर्यत आधी माहीत हवी. तिथून सुरुवात करा, मग फुजी.